चौदा नंबरचा शांत पेशंट

अक्कासिस्टरच्या हाताला ज्याची शीर सापडणार नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा होता. पुरुषांच्या वॉर्डात त्यांना अडतीस वर्षं झाली होती आणि त्यांच्याबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जात त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या असाव्यात. भिंतीपलीकडे कुणी खोकलं तर कोणत्या बाजूच्या फुप्फुसात पाणी झालंय ते त्या अलीकडून सांगत. एकदा म्हणे एका डॉक्टरने पैज लावली म्हणून त्यांनी लाकडी खुर्चीच्या हातात सुई घालून रक्त काढून दाखवलं होतं. खुर्चीचा रक्तगट कोणता निघाला, ते मात्र आता कुणाला आठवत नव्हतं.

अशा अक्कांना सोमवारी सकाळी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या सुनेने सांगितलं, "आई, तुमचे दोन तास कमी पडतायत."

सून त्याच हॉस्पिटलात प्रशिक्षण विभागाची प्रमुख होती. नर्सचं लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करून घ्यायचं आणि त्यासाठी पाच वर्षांत तीस तास शिकलेलं दाखवायचं, हा नियम. त्या तासांवर शिक्का मारायचा अधिकार सुनेचा. म्हणजे घरात भाजीत मीठ किती ते सासू ठरवायची आणि हॉस्पिटलात सासू नर्स आहे की नाही ते सून.

"कमी कसे पडतील?" अक्कांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. प्रमाणपत्रांचा ढीग पडला. 'हात कसे धुवावेत' हे एकच तीन वेळा होतं. "हे बघ. जखमेचं ड्रेसिंग. पूर्ण दोन तास!"

"त्यावर आल्याची सही आहे, गेल्याची नाही. तुम्ही मधूनच उठून वॉर्डात पळालात."

"अगं, नऊ नंबरचा घाबरा झाला होता!"

"नऊ नंबर वाचला. तास गेले."

"ड्रेसिंग शिकवायला उभी होती ना, तिला कात्री धरायला मी शिकवलंय."

"मलाही तुम्हीच शिकवलंत," सून म्हणाली. "म्हणून तर खोटा शिक्का मारता येत नाही मला. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर बघता आलं असतं."

मुलाने दोघींच्या मधला चहाचा कप हळूच स्वतःकडे ओढला आणि पेपरात तोंड घातलं.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कागद शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दाखल व्हायला हवे होते. नाही झाले, तर शनिवारपासून अक्का नर्स नव्हत्या. पेशंटच्या अंगाला बोट लावायचं नाही, सहा महिने थांबायचं, मग नव्याने परीक्षा द्यायची. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. त्यातले सहा महिने स्टोअरमध्ये बसून चादरींच्या घड्या घालायच्या, आणि तेही वॉर्डातून खोकल्याचे आवाज येत असताना! अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी बसून शिकायचे तास त्यांनी एका बोटाने बटणं दाबत केव्हाच संपवले होते, आणि तसले आणखी चालत नव्हते.

"गुरुवारी आहे ना एक," सुनेने वही उघडली. "बंद पडलेलं हृदय चालू कसं करायचं. बरोब्बर दोन तास. शिकवणारे बाहेरून येतात, तेवढ्या एका दिवसापुरते. डमी तर आजच पोचतोय. मात्र आल्याची सही, गेल्याची सही, आणि मधे नऊ नंबर घाबरा झाला तरी उठायचं नाही."

"मेला तरी उठत नाही," अक्का म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

डमी म्हणजे सराव करायचा रबरी माणूस. खरोखरच तो त्याच सोमवारी आला. चांगला पुरुषभर उंच, रुंद छातीचा, तोंड सताड उघडं. वॉर्डातल्या मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयने, तो खोक्यातून काढला, पण प्रशिक्षण विभागाला कुलूप, कारण सून त्या वेळी घरी सासूची प्रमाणपत्रं मोजत होती. आता एवढा बाप्या ठेवायचा कुठे? वॉर्डात चौदा नंबरचा बेड रिकामा होता. मामांनी त्याला तिथे आडवा केला, गळ्यापर्यंत चादर ओढली, डोक्याला टोपी घातली. उघडं तोंड बरं दिसेना म्हणून वर ऑक्सिजनचा मास्क चढवला. मग त्यांची ड्यूटी संपली आणि चार दिवसांची रजा घेऊन ते भाचीच्या लग्नाला निघून गेले.

दुपारच्या पाळीला एक नवी मुलगी होती. तिला सगळे नवीच म्हणत. तिने बेड मोजले. चौदा भरलेला, आणि चौदाचा कागद नाही! नवीने आधी भिंतीकडे पाहिलं. कारण वॉर्डाच्या भिंतीवर अक्कांनी स्वतः रंगवून घेतलेलं वाक्य होतं, हातभर अक्षरांत: 'आधी कागद, मग प्रश्न.' अक्कांच्या राज्यात पेशंट बेडवर आणि कागद बेपत्ता, यापेक्षा मोठा गुन्हा नव्हता. त्यापायी तीन मुली रडल्या होत्या आणि एक तर नोकरी सोडून बँकेत लागली होती.

नवीने धावत जाऊन कागद केला. नाव: अनोळखी. वय: अंदाजे चाळीस. तक्रार: सांगत नाही. बोटाला मशीन लावलं, तर मशीनने नाडी बहात्तर दाखवली. ते मशीन टेबलाच्या पायालाही बहात्तरच दाखवायचं, पण ते दुरुस्तीला टाकायचं राहून गेलं होतं. अंग गार लागलं, म्हणून तिने आणखी एक ब्लँकेट घातलं. पोरगी मनाने फार चांगली. मग कॉम्प्युटरवालीला फोन करून नंबर घेतला आणि पेशंट रीतसर दाखल झाला.

एकदा कागद झाल्यावर पुढचं सगळं आपोआप चालतं. जेवणाची ट्रॉली चौदापाशी थांबू लागली. पुढच्या पाळीच्या नर्सने लिहिलं, "शांत आहे. झोप उत्तम." त्याच्या पुढच्या पाळीने वरचं वाचून तेच लिहिलं. तेरा नंबरच्या आजोबांनी चौदाकडे तोंड करून आपली जन्मकथा सांगायला घेतली, ती मंगळवारी सकाळी त्यांच्या तिसऱ्या बदलीपर्यंत आली होती.

मंगळवारी राउंडला डॉक्टर आले. ह्यांचं नावच पुढे-चला डॉक्टर पडलेलं. पेशंटच्या पायथ्याशी उभं राहायचं, कागद बघायचा, सही करायची आणि म्हणायचं, "पुढे चला." तीस बेड बारा मिनिटांत! चौदापाशी ते थांबले, म्हणजे वेग जरा कमी केला. कागदावर लिहिलं: 'छाती स्वच्छ. मऊ आहार. हेच चालू ठेवा.' आणि पुढे चालले.

अक्का मागून चालत होत्या, पण त्यांच्या डोक्यात दोन तास घोंघावत होते. राउंड संपल्यावर सवयीने त्या प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवत निघाल्या. बारा कोमट. तेरा बडबडत होता, म्हणजे बरा. चौदा...

अक्कांचा हात कपाळावरच राहिला. मग त्यांनी मास्क उचलला. मग छातीवर तळवा दाबला. आतून 'कट्' असा आवाज झाला.

अडतीस वर्षांत अक्का वॉर्डात कधी खाली बसल्या नव्हत्या. त्या स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदराऐवजी चौदाची चादर लावून इतक्या हसल्या की नऊ नंबरवाल्याला वाटलं, बाईंच्या घरचं कुणीतरी गेलं.

"नवे! इकडे ये. ह्याला काय झालंय?"

"सांगत नाहीत, अक्का," नवी म्हणाली. "स्वभावाने फार शांत आहेत."

हसू ओसरल्यावर पुढचा गोंधळ समोर आला. अक्का कॉम्प्युटरवालीकडे गेल्या. "अगं, चौदाचं नाव पूस. तो माणूस नाहीये."

"पुसता येत नाही, अक्का. आत घेतलेल्याला बाहेर काढायला तीनच बटणं आहेत. बरा होऊन घरी, दुसऱ्या हॉस्पिटलात, किंवा वारला. तिन्हीला डॉक्टरांची सही लागते."

"आणि हे लाल?"

"ते पळून गेला त्याचं. ते दाबलं की वॉर्डाच्या इनचार्जला, म्हणजे तुम्हालाच, आपोआप मेमो. आणि मेमो असला की लायसन्सचा अर्ज अडकतो."

लाल बटणावरून अक्कांनी बोट मागे घेतलं. तव्यावर पडल्यासारखं.

त्या मग डॉक्टरांना गाठायला गेल्या. डॉक्टर चालत होते, अक्का मागे धावत होत्या. "डॉक्टर, चौदाला घरी सोडायचंय."

"एवढ्यात? कालच तर दाखल झालाय."

"तो रबराचा आहे."

डॉक्टर थांबले. ते उभे राहिलेले पाहून दोन नर्स कौतुकाने बघायला बाहेर आल्या. "सिस्टर, मी स्वतः तपासलाय त्याला. छाती स्वच्छ म्हणून लिहिलंय."

"स्वच्छच आहे. आत स्पंज आहे."

डॉक्टरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी सोडलं तर वरचे विचारणार, झालं होतं काय? वारला म्हणावं तर सकाळीच छाती स्वच्छ होती. दुसरीकडे पाठवावं तर तिथले उघडून बघणार. "अजून थोडे दिवस राहू दे," ते पुटपुटले. "प्रकृती स्थिर आहे," आणि पुढे चालले.

बुधवार असाच गेला. गुरुवारी शिकवणारे आले, हॉल भरला, आल्याच्या सह्या झाल्या. डमी मात्र चौदावर.

"उचलून आणू का?" अक्कांनी सुनेला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

"दाखल पेशंट सही नसताना वॉर्डाबाहेर नेला, तर तो पळून गेल्यातच जमा."

"मग यांनाच वॉर्डात नेऊ. बेडवरच दाबतील सगळ्या छाती."

"दाखल पेशंटवर सराव चालत नाही, आई." सुनेच्या ओठांचे कोपरे थरथरत होते, पण आवाज सरळ होता. "मी शिकाऊ होते तेव्हा याच कारणासाठी तुम्ही मला तासभर व्हरांड्यात उभी केली होतीत."

शिकवणाऱ्यांनी तासभर वाट पाहिली, बिस्किटं खाल्ली आणि निघून गेले. आता उरला शुक्रवार.

त्याच दुपारी अक्का वॉर्डाच्या खिडकीपाशी चष्मा लावून बसल्या आणि पाच वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. नियमांची पुस्तिका वाचली. एकेचाळिसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. आपल्या वॉर्डात घडलेली स्वतःची चूक किमान दहा सहकाऱ्यांपुढे सविस्तर मांडणाऱ्या नर्सला दोन तास. वेळ पूर्ण भरलेली असावी. उपचार करणारे डॉक्टर हजर असावेत, त्यांना एक तास.

पुस्तिका फडफडवत त्या प्रशिक्षण विभागात गेल्या. "हे चालेल? नवीने रबराला ब्लँकेट घातलं, ती सांगते सगळी. गाजेल बघ!"

सुनेने पान वाचलं आणि एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. 'स्वतःची.'

"ही चूक नवीची आहे."

"मामांची," अक्का म्हणाल्या.

"मामा रजेवर आहेत. आणि त्यांची असली तरी तुमची नाही. तुम्ही तर सोमवारी घरी होतात."

"मग त्या मशीनची!"

सुनेने नुसतं काचेतून पलीकडे पाहिलं. तिथून वॉर्डाची भिंत दिसत होती, आणि भिंतीवरची हातभर अक्षरं.

अक्कांनी तिकडे पाहिलं. मग पुस्तिका मिटली आणि परत वॉर्डात गेल्या. चौदापाशी उभ्या राहिल्या तर शेजारून आजोबा म्हणाले, "बाई, यांना घरी पाठवताय? नका पाठवू. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं."

"आजोबा, तो बाहुला आहे."

"माहितीये की! पहिल्याच दिवशी माहिती होतं. माझ्यासमोर खोक्यातून काढला त्याला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुठे कुणी? आली ती पोर, लिहीतच आली. मी म्हटलं, 'अगं ए!' तर मला म्हणते, 'थांबा आजोबा, आधी कागद.'"

अक्कांनी पुस्तिका पुन्हा उघडली आणि पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं.

डॉक्टरांना पटवणं त्यामानाने सोपं गेलं. तास कमी असलेल्यांची यादी सुनेने बोर्डावर लावली होती आणि डॉक्टरांच्या यादीत सर्वांत वर कोण होतं ते सगळ्यांनी वाचलं होतं. ते व्याख्यानांतूनही पुढच्या दाराने येऊन मागच्या दाराने पुढे चालत. त्यांना नेमका एक तास हवा होता.

"नाव कुणाचं घेणार नाही मी," अक्का म्हणाल्या. "माझं सोडून. आधी चौदाच्या कागदावर सही तेवढी करा."

डॉक्टरांनी पेन काढलं. लिहिलं: 'प्रकृती समाधानकारक. पंधरा दिवसांनी दाखवणे.' पेशंट बरा होऊन मोकळा झाला.

शुक्रवारी अडीच वाजता हॉलमध्ये दहा लोक लागणार होते, तर साठ आले. भिंतींना टेकून उभे राहिले. डॉक्टर पहिल्या रांगेत, मानेपर्यंत लाल. शेजारी नवी, डोळ्यांत पाणी, तोंडात रुमाल. सून दाराशी, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. टेबलावर डमी पडलेला.

अक्का उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. त्यांनी कागद वाचला, मशीनची गोष्ट सांगितली, ट्रॉलीची सांगितली, 'झोप उत्तम' तर अशा सुरात वाचलं की मागच्या रांगेतली एकजण खुर्चीवरून घसरली. मग त्या थांबल्या.

"आता चूक," त्या म्हणाल्या. नवीने मान खाली घातली. "ह्या पोरीची नाही. हिने बेड मोजले, कागद केला, गार लागला म्हणून ब्लँकेट घातलं. मी सांगितलं तेच केलं. शेजारी एक माणूस ओरडून सांगत होता आणि हिने त्याला थांबवलं, तेही मी सांगितलं म्हणूनच. अडतीस वर्षं मी तुम्हाला कागदाची भीती घातली. एवढी घातली, की तुम्ही माणसाला हात लावायच्या आधी पेन काढता. मीसुद्धा मंगळवारी त्याच्या पायथ्याशी उभी राहिले आणि पुढे गेले. ही चूक माझी. भिंतीवर मीच रंगवलीय, सगळ्यांनी येऊन बघा."

कुणी हसलं नाही. नवीने रुमाल तोंडातून काढून डोळ्यांना लावला.

"वेळ?" अक्कांनी दाराकडे पाहून विचारलं.

"चार वाजून वीस," सून म्हणाली. "दहा मिनिटं कमी आहेत, आई."

"अगं, संपलं की सगळं!"

"दहा मिनिटं कमी आहेत."

अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांची नजर टेबलावर गेली. पेशंट काल बरा होऊन घरी सुटलेला. म्हणजे आता तो कुणाचाच पेशंट नव्हता. "डॉक्टर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पुढे चला."

साठ जणांच्या टाळ्यांत डॉक्टर पुढे आले आणि अक्कांनी त्यांना छाती दाबायला लावली. "कोपर सरळ! अहो, बेल वाजवताय का? जोर लावा! आत स्पंज आहे, मोडत नाही!" त्यांच्यानंतर नवी, नवीनंतर बाकीच्या. चार वाजून तीस मिनिटांनी सुनेने हात वर केला. चार चाळीसला शिक्का पडला, आणि पाचाला सात मिनिटं कमी असताना कॉम्प्युटरवालीने अर्ज पाठवला.

"झालं का माझं? आहे ना मी नर्स?" अक्कांनी विचारलं.

"आहात. अजून पाच वर्षं." सुनेने कोरी वही त्यांच्या हातात ठेवली. "आणि आजपासून तुमचे तास पुन्हा शून्य."

"अगं, मी चौदा महिन्यांत घरी बसणार!"

"तोवर तरी भरा. पहिलं आहे सोमवारी. हात कसे धुवावेत."

शनिवारी रंगारी आला. भिंतीवर काय लिहायचं ते विचारू लागला, तर अक्का म्हणाल्या, "काही नको. नुसता पांढरा दे." मग आजोबांकडे वळून म्हणाल्या, "हं, तिसरी बदली झाली. पुढे?" आणि स्टूल ओढून खाली बसल्या.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात एक व्हीलचेअर आत आली. मामा ती ढकलत होते. खुर्चीत टोपी घातलेला, रुंद छातीचा, अगदी शांत माणूस, आणि मांडीवर कागद: 'पंधरा दिवसांनी दाखवणे.' डॉक्टरांनी पेन उचललं, कागद ओढला, आणि हात मधेच थांबला. त्यांनी पेन खाली ठेवलं. उठले, खुर्चीला वळसा घालून आले आणि पेशंटच्या कपाळावर तळवा ठेवला.

"मामा, यांना कुणी पाठवलं?"

मामांनी दाराकडे बोट केलं. दारामागून कुणीतरी चादरीत तोंड खुपसून हसल्याचा आवाज येत होता.